अक्काच्या नकाशातलं राहिलेलं घर

फोनवर अक्काचं नाव दिसलं तेव्हा मी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. “येतो व अक्का, रविवारी नक्की येतो,” असं घाईनं बोलून मोकळा झालो. तीन रविवार मी हेच सांगत होतो. पलीकडून तिच्या सुनेचा, वंदनाचा आवाज आला, “मामाजी, आई गेल्या.”

शशिकलाअक्का माझी थोरली बहीण. रिठदच्या भागात नर्सबाई म्हणून तिनं उभी नोकरी काढली, तीही बहुतेक पायी. निवृत्तीनंतर साखरेनं डोळे खाल्ले. समोरच्याचा चेहरा धूसर, पेपर तर बंदच. दुसरी एखादी बुद्धविहारात जाऊन निवांत बसली असती. अक्कानं लेकाकडून जुना कॉम्प्युटर मागवून घेतला. इंटरनेटवर एक नकाशा असतो, कोणालाही त्यात भर घालता येते. आकाशातून काढलेला गावाचा फोटो समोर येतो, त्यावरची घरं आणि वाटा माउसनं गिरवायच्या. अक्का फोटो इतका मोठा करायची, की स्क्रीनवर एकच छप्पर मावायचं. नाक काचेला टेकवून ती त्याचे चार कोपरे धरायची. मी चिडवायचो, “अक्का, छप्पर पाहून राह्यली का हुंगून?”

“चूप बैस. ज्याचं घर कागदावर नाही, त्याचं लेकरू डोसाबिगर राह्यते. म्या पाह्यलं हाये.” नोकरीत लसीच्या यादीतून सुटलेली घरं तिच्या मनाला फार लागली होती. डोळे पुरते जायच्या आत आपल्या भागातलं एकही घर सुटू द्यायचं नाही, एवढाच तिचा हट्ट होता.

आणि पहिल्याच हिवाळ्यात ती तोंडघशी पडली. ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांची एक वस्ती गावापासून लांब, नोकरीत तिच्या हद्दीबाहेर राहिलेली. तिथे तिनं अकरा घरं काढली. मी मोटरसायकलवरून सहज पाहून आलो, तर मोकळं शेत! फोटो सुगीतला होता, आणि तिनं गिरवल्या होत्या त्या ताडपत्री झाकलेल्या सोयाबीनच्या सुड्या, कापून रचलेले ढीग... अकराच्या अकरा. मी पोट धरून हसलो. “सोयाबीनले डोस देतं का व?”

ती हसली नाही. “मंग मानसं कुठी हायेत? चाल, बसव मले गाडीवर.”

वस्ती शेजारच्याच उतारावर होती. तोडीला जाताना लोक छपराची ताडपत्रीही सोबत नेतात. फोटोतल्या त्या उघड्या भिंती अक्काला पडीक वाटल्या होत्या. सुड्यांची घरं केली आणि घरं वगळली! भिंतींना हात लावत ती फिरली, प्रत्येक दाराशी थांबली. परतताना मागं बसून रडत होती, ते माझ्या पाठीला कळलं.

त्या दिवसापासून तिचा नेम : दारात उभं राहून “कोनाचं घर हाये?” असं विचारल्याबिगर घर काढायचं नाही. विचारायला अर्थात मी. पेट्रोल माझं आणि शिव्याही मलाच. लोक तोडीवरून परतल्यावर आम्ही त्या वस्तीत पुन्हा गेलो, एकेक दार विचारलं. डोळे घटत गेले तसा तिचा फोटो मोठा होत गेला. शेवटी स्क्रीनवर छपराचा एक कोपराच मावायचा, एका घराला अर्धा तास लागायचा. तरी बाईनं सगळं पुरं केलं. फक्त तिचं स्वतःचं घर उरलं.

“काढून टाक ना,” मी फोनवर म्हणालो.

“सोताच सोताले कसं विचारू? नेम म्हंजे नेम. तू ये.”

मी पाहुणे सांगितले, गुडघे सांगितले, गाडीचं पंक्चरसुद्धा सांगितलं. शेजारच्याच तालुक्यातल्या माझ्या मालेगावहून रिठद काही परदेशात नाही. आता स्वतःची लाज वाटते.

अक्काच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाला आलेले पाहुणे पांगल्यावर मी तिचा कॉम्प्युटर लावला. सगळं तिनं सोडलं तसंच होतं... स्क्रीनभर तिच्याच घराच्या टिनाच्या छपराचा एक कोपरा. “फोटो लहान करून देऊ का, मामाजी?” वंदनानं विचारलं. मी नको म्हटलं. उठून बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि कडी वाजवली.

वंदनानं दार उघडलं.

“कोनाचं घर हाये?”

ती पदरानं डोळे पुसून नीट उभी राहिली. “शशिकला नर्सबाईचं,” ती म्हणाली. “या, आत या.”

आत जाऊन मी काचेला नाक टेकवलं आणि पहिला कोपरा धरला.