विमानात अण्णांच्या पायाशी
माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. चिकलठाण्याच्या विमानतळावर मी माझ्या सख्ख्या बापावर ओरडले, तेही चारचौघांत. त्याची लाज अजून वाटते. पण तो दिवस आठवला की लाजेच्या आधी हात जोडावेसे वाटतात.

आई गेल्यापासून अण्णांचा जीव घाबरा व्हायचा. एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर इंजिनं उघडलेला माणूस, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की घामाघूम. छातीत धडधड, हातपाय गार. हृदय तपासलं, ते ठणठणीत निघालं. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. झोप आली, भीती काही हलली नाही. ती आटोक्यात आणली आमच्या गल्लीतल्या एका तांबड्या कुत्र्यानं. अण्णांना तसं व्हायला लागलं की तो यायचा आणि त्यांच्या पावलांवर सगळं अंग टाकून बसायचा. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. पाच-दहा मिनिटांत अण्णांचा श्वास जागेवर. मग तो आमच्या घरचाच झाला. अण्णा त्याला 'गडी' म्हणतात. गडी सोबत असला की ते क्रांती चौकापर्यंत चालत जायचे. नसला तर दारातल्या नळापर्यंतसुद्धा नाय.

धाकटी बहीण बंगळुरूला असते. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, दुसऱ्या जातीतल्या, जमीनजुमला असलेल्या घरातल्या मुलाशी. पोरगा सोनं आहे, पण त्याच्या घरचे लग्नाला आले नाहीत आणि बाळंतपणालाही येणार नव्हते. दिवस भरत आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाळाची वार खाली आहे, ऑपरेशन करावं लागेल, जोखीम आहे. तिनं मला फोन केला. "अक्के, आई तर नाही. अण्णांना तरी आण. आत न्यायच्या आधी मला त्यांना बघायचंय."

रेल्वेच्या गर्दीत दिवस-रात्र बसणं अण्णांना झेपलं नसतं. म्हणजे विमानच. आणि गड्याशिवाय अण्णा विमानात? नावच नको!

विमान कंपनीच्या फोनवरच्या पोरीला मी पार भंडावून सोडलं. पण तिनं न चिडता सगळं समजावलं. मनाच्या डॉक्टरांचं पत्र, लसींचं पुस्तक, जनावरांच्या दवाखान्याचा ताजा दाखला. अंगाला पट्टा, तोंडाला जाळी. कुत्र्यानं मालकाच्या पायाशी बसायचं, सीटवर चढायचं नाही, भुंकायचं नाही. निघायच्या आधी पोट हलकं ठेवायचं. आणि कुणी त्याला हात लावायचा नाही, तो कामावर असतो. हे शेवटचे दोन नियम आमच्या गल्लीत कुणाला पटेनात. निघायच्या दिवशी शेजारची काकू तूप लावलेली पोळी घेऊन हजर. "उपाशी लावती का गं बिचाऱ्याला वाटंला?" पोळी मी तिच्या हातातून ओढली आणि स्वतःच खाल्ली.

त्याच्या आधी सराव म्हणून मी दोघांना कन्नड गावाला जाणाऱ्या जीपमधून दोन फेऱ्या मारून आणल्या. कोंबून भरलेली जीप, आणि गडी अण्णांच्या पायाशी मुटकुळं करून. एक म्हातारी म्हणाली, "व्हय गं माय, कुत्र्याला कुठं नेती?"

"विमानात बसायला शिकवतेय."

"आधी मला बसीव की," ती म्हणाली, आणि अख्खी जीप हसली. अण्णापण हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तर विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं कागद एकेक करून पाहिले आणि दवाखान्याच्या दाखल्यावर बोट ठेवलं. "सर, इथं भरायचं राहिलंय. जात."

दाखल्याचा वरचा भाग मालकानं भरायचा होता. दवाखान्याबाहेर मी स्कूटी लावत होते तेव्हा अण्णांनी तो भरला होता. वय, रंग, नर-मादी, सगळं. 'जात' तेवढी कोरी.

"राहिलं नाय," अण्णा म्हणाले, "सोडलंय."

"गावठी लिहिते," म्हणत मी पेन उचललं. अण्णांनी माझा हात धरला.

"मला शाळेत घातलं तवा माझ्या बापानं लिहिली. नोकरीला लागलो तवा मी लिहिली. तुम्हा पोरींच्या शाळेत लिहिली. धम्म घेतला तरी रकाना सुटला नाय. त्याच्यावरच शिकलो, खोटं कशाला बोलू. पण ह्या मुक्या जिवाची माझ्या घरात लिहायची नाय. आन् गावठी तर नायच नाय."

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, तिकडं पोरीला आत न्यायची वेळ आली आन् तुम्ही कुत्र्याच्या जातीवर अडून बसलात?"

त्यांना तसं व्हायला लागलं. कपाळावर घाम आला, हात गार पडले. गडी वेळेवर पुढं आला. जाळीसकट त्यानं त्यांच्या पावलांवर अंग टाकलं.

आतून एक मोठ्या हुद्द्याच्या बाई आल्या. मागची रांग त्यांनी दुसऱ्या काउंटरला लावली. मला हळूच विचारलं, "ह्याला हात लावायचा नसतो ना?" आणि दोन पावलं लांब उभ्या राहिल्या. अण्णांचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "काका, रकाना कोरा ठेवून मला पाठवता येत नाही. पण दवाखान्यात फोन करून विचारते."

फोन झाला. "डॉक्टर म्हणतात, मिश्र लिहिलं तरी चालेल. मी लिहू का, माझ्या हातानं?"

"मिश्र," अण्णा स्वतःशीच म्हणाले. मग मान हलवली. "लिहा, ताई. माझ्या नातवंडाचीबी तीच असणार."

बाईंनी लिहिलं. लिहून झाल्यावर चष्मा काढून पुसला. आम्हाला पुढच्या रांगेत पाय पसरायला जागा असलेल्या सीटा दिल्या. भाची आता वर्षाची झालीय, गड्याचे कान ओढते आणि तो ओढू देतो. तिच्याकडं बघितलं की मला त्या बाई आठवतात. त्यांचे उपकार मी कुठं आणि कशी फेडणार!

विमानात गडी अण्णांच्या पायाशी पडून होता. बंगळुरूला उतरून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. बहिणीला तासाभरात आत नेणार होते. दारातला वॉचमन म्हणाला, कुत्रा वर जाणार नाही. मी पदर खोचून भांडायला तयारच होते, पिशवीतून सगळे कागद काढले. तेवढ्यात अण्णांनी पट्टा माझ्या हातात दिला.

"भांडू नको. त्यांचाबी नियम आसंल. तू थांब ह्याच्यापाशी, नव्या गावात एकटा घाबरंल तो."

"आन् तुम्ही?"

ते जिन्याकडं निघाले. सदरा पाठीवर भिजला होता. जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबले, खूप वेळ थांबले. माझ्या हातातला पट्टा ताणला गेला, गड्याला जायचं होतं. मग अण्णांनी पाय उचलला आणि दिसेनासे झाले.

थोड्या वेळानं फोन वाजला. धाकटी हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"अक्के, अण्णा आले गं. एकटेच आले!"