कोपरा फाटलेलं कार्ड

माझंच पत्र मी ओट्याखाली उभा राहून ऐकलं.

दौंडहून सुट्टीवर घरी आलो होतो. येण्याआधी आईला पत्र टाकलं होतं, ते माझ्या मागून पोचलं. घोड नदीच्या काठचं आमचं गाव, शिरूर तालुक्यातलं. गावचं पोस्ट अण्णांच्या दुकानात. अण्णा किराणा विकायचे आणि पोस्टही सांभाळायचे. वरच्या आळीची पत्रं घरोघर जायची. बौद्धवाड्याची पत्रं दुकानाच्या ओट्यावर थांबायची. ज्याचं असेल त्यानं यायचं, खाली उभं राहायचं. वरून कागद पडायचा. वाचता येत नसेल तर हात जोडायचे. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवतो म्हणालो तर तिनं डोळ्यांनीच गप्प केलं. अण्णांनी वाचायला घेतलं होतं, मध्येच मागितलं तर त्यांना राग येईल, हे भय.

अण्णांनी पत्र उघडलं. ओट्यावर चार माणसं पान खात बसली होती. त्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "तीर्थरूप आईस, सप्रेम जयभीम."

थांबले. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तीर्थरूप! का रं, तुमच्या वाड्यातलं तीर्थ कोन पिनार?"

ओटा हसला. पानाच्या पिंका पडल्या. आणि आईही हसली. मला सगळ्यात लागलं ते हे. तिला वाटलं, लेकानं काहीतरी गमतीचं लिहिलंय. पदर सावरत ती त्यांच्याबरोबर हसली. मग माझं तोंड बघितलं आणि तिचं हसू तिथंच विझलं.

शाळेत पत्रलेखनाचा धडा होता. आईवडिलांना तीर्थरूप, गुरुजींना पूज्य, मित्राला प्रिय. मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, आम्ही पाटीवर उतरवलं होतं. कुणाच्या आईला तीर्थरूप म्हणायचं आणि कुणाच्या नाही, ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं. जयभीम मी माझ्या मनानं जोडला. शाळेचा अर्धा आणि वाड्याचा अर्धा, असा माझा मायना. मला तो फार आवडायचा.

मी दौंडला रेल्वेत रंगारी होतो. वॅगनवर आकडे टाकायचे, स्टेशनांच्या पाट्या रंगवायच्या. पण हात चित्राचा होता. पुण्याला जाऊन चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. तिथं एक मित्र मिळाला, सदाशिव पेठेतला. त्याला मी लांबलचक पत्रं लिहायचो. यार्डातल्या धुराचा रंग कसा दिसतो, पांढऱ्यात किती निळा टाकला की तो जास्त पांढरा वाटतो, असलं काहीबाही. तोही लिहायचा. बदली होऊन गेलेले सोबतचे रंगारी लिहायचे. दौंडचा पोस्टमन क्वार्टरचा जिना चढून यायचा, नाव घेऊन हाक मारायचा, हातात पत्र द्यायचा. हातात. परक्या गावात माझ्या नावाला मान होता आणि माझ्या गावात माझ्या आईला नव्हता. रात्रंदिवस हे डोक्यात कुरतडत राहायचं.

त्या सुट्टीनंतर मी आईला अक्षर लिहिलं नाही. कार्डावर चित्रं काढायला लागलो. पत्ता सोडून सगळ्या जागेत चित्र. इंजिन धूर सोडतंय, म्हणजे काम चालू आहे. ताटात भाकरी आणि कांदा, म्हणजे पोटभर जेवतो. एसटी काढली की येतोय. आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात माझं तोंड, टोपी घातलेलं, हसरं. म्हणजे मी बरा आहे. आता अण्णांच्या पाया पडायची गरज नव्हती. ओट्यावरून कार्ड पडलं की ती उचलायची आणि सरळ घरी यायची. वाड्यातल्या बाया जमायच्या, ती सगळ्यांना वाचून दाखवायची. "ह्ये बघा, ह्ये त्याचं इंजान. आन् ह्यो त्यो. गालफाडं वर आल्यात, न्हाई? बरं खातोय म्हंजी." माझ्या आईला वाचता यायला लागलं होतं.

उत्तरही यायचं. माझा पत्ता लिहिलेली कार्डं मी तिच्याजवळ ठेवली होती. चुलीच्या काजळीत अंगठा बुडवून ती कार्डावर उमटवायची. एक अंगठा म्हणजे बरी आहे. दोन म्हणजे येऊन जा. एवढंच. पुण्याच्या मित्राच्या पानभर मजकुरापेक्षा तो अंगठा मी जास्त वेळ बघत बसायचो. तिच्या बोटावरची चीर त्यात दिसायची.

मग दुष्काळाचं साल आलं. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. एका दुपारी कामावरून येताना तिनं ओट्यापाशी टपालाचं विचारलं. अण्णांनी कार्ड खाली टाकलं. तिनं उचललं आणि बघितलं. इंजिन होतं. धूर होता. उजव्या हाताचा खालचा कोपरा नव्हता. फाडलेला होता.

आमच्याकडं मौतीचं कार्ड धाडायचं तर त्याचा कोपरा फाडतात. निरक्षर माणसालाही हातात घेताच कळावं म्हणून. असं कार्ड घरात ठेवत नाहीत, बघितलं की फाडून टाकतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि इथं तर जो कोपरा गेला होता, त्यात माझं तोंड होतं. मागं उरलेलं माझं कार्ड सोबतच्यांनी कोपरा फाडून धाडलं, असंच तिला वाटणार.

तिनं वर बघून विचारलं, "अण्णा, काय लिवलंय?"

"लिवलंय कुठं? नुसतं चितार हाय. जा."

ती गेली. वाड्यात रडारड झाली. हे मला नंतर सखामामानं सांगितलं. सखामामा म्हणजे आमच्या शेजारचा. तो म्हणाला, "तुजी आय रडली न्हाई. भिताडाला टेकून बसली आन् म्हनली, मला पोराला आनाया जायचंय." तो तिच्यासोबत निघाला. न्हावऱ्यापर्यंत चालत, तिथून एसटी, चौफुल्याला गाडी बदलून दौंड. मला आणायला. म्हणजे काय आणायला, ते दोघांनाही माहीत होतं.

मी यार्डात वॅगनवर आकडा टाकत होतो. पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळलो. आई. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओळखलंच नाही, असं वाटलं. मग जवळ आली. माझा हात धरला, पालथा केला, बोटांवरच्या पांढऱ्या रंगाला हात लावला.

म्हणाली, "वला हाय."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि रुळाशेजारच्या खडीवर बसली. दुष्काळात असलीच खडी फोडत होती ती. तिथं बसून असं रडली, की शंटिंग करणारी माणसं थांबली. मला काहीच कळत नव्हतं. सखामामानं कार्ड दाखवलं. तरीही क्षणभर उमजेना. मग उमजलं. मीही तिच्याशेजारी बसलो.

तिच्या गाठोड्यात नवं पांढरं कापड होतं. ती ते दोन्ही हातांत धरून मला विचारत होती, "आता ह्याचं काय करू? ह्याचं काय करू रं?" मी ते तिच्या हातांतून घेतलं आणि पुन्हा गाठोड्यात बांधलं.

रात्री क्वार्टरवर ती म्हणाली, "पुन्यांदा कागद धाडू नगंस. माझा जीव जातुया." आणि, "त्ये कारट फाडून टाक. घरात ठिवू नगं." मी हो म्हणालो. फाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गावी आलो. घरी न जाता सरळ दुकानावर. अण्णा तक्क्याला टेकून बसले होते. मी पायऱ्या चढलो. त्या ओट्यावर आमच्या वाड्यातलं कुणी चढलं नव्हतं. कार्ड त्यांच्यापुढं धरलं.

"अण्णा, ह्याचा कोपरा कुठं गेला?"

त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. खोटं बोलले नाहीत. खोटं बोलावं एवढीही त्यांना ती गोष्ट मोठी वाटली नाही.

"मीच फाडला. जेवान झालं व्हतं, दातात सुपारी अडकली व्हती. कारट जाड असतंय, बरं कोरलं जातं."

"कोपरा फाडल्यावर काय समजत्यात, तुम्हाला ठावं हाय न्हवं?"

"हाय की. पर तुमच्यात कुठं पाळत्यात त्ये?"

ते हे रागानं बोलले नाहीत. टोमणाही मारला नाही. खरंच विचारलं. त्यांच्या लेखी आमच्यात सुतक नव्हतं, दुःख नव्हतं, मरणाची रीत नव्हती. पाटीवर आकडा पुसावा तशी आमची माणसं पुसली जात असतील, असं त्यांना वाटत होतं. ज्या दाताला माझं तोंड लावलं त्याच दातांनी ते हे विचारत होते.

मी म्हणालो, "आमच्यात बी मानसं मरत्यात, अण्णा. आन् त्यांना आया असत्यात."

आणि ओट्यावर मांडी घालून बसलो.

"ऊठ," अण्णा म्हणाले.

"न्हाई उठत. ह्ये सरकारचं पोस्ट हाय."

खाली माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, लई शाना झाला रेल्वेत जाऊन. आई पायरीशी उभी राहून हात जोडत होती. "अण्णा, चुकलं त्याचं. लेकरू हाय, पदरात घ्या. चल बाबा, खाली यी." ज्यानं तिच्या लेकाला जिवंतपणी मारलं त्याची ती माफी मागत होती, माझ्यासाठी. पण मी उतरलो नाही. खिशातलं कोरं कार्ड काढलं आणि शिरूरच्या पोस्टमास्तरांना अर्ज लिहिला. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचला, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. 'माझी तीर्थरूप आई हिच्या नावचं टपाल तिच्या घरी, तिच्या हातात देण्यात यावं.' तीर्थरूप हा शब्द दोनदा वाचला. कुणी हसलं नाही.

शिरूरहून हुकूम आला आणि टपाल वाड्यात यायला लागलं. त्याची किंमत आईनं मोजली. अण्णांनी तिला मीठमिरची देणं बंद केलं, ती शेजारच्या गावाहून आणायची. मला कधी बोलली नाही.

कार्डं मी पुन्हा धाडली. तिनं नको म्हटलं होतं, पण गप्प राहिलो असतो तर अण्णाच जिंकले असते. पोस्टमन दारात यायचा, तिच्या हातात कार्ड द्यायचा. पण आता ती आधी चित्र बघायची नाही. डोळे मिटून अंगठ्यानं चारही कोपरे चाचपायची. चारही सापडले की मग डोळे उघडायची. शेवटपर्यंत. तिचं वाचणं अण्णांनी तिच्याकडून काढून घेतलं ते घेतलंच.

पुढं काही वर्षांनी ती गेली. सखामामानं गावातल्या मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं होतं, कोपरा रीतीप्रमाणं फाडलेला. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. ट्रंकेतलं ते पांढरं कापड काढून तिच्यावर घातलं होतं. माझ्यासाठी घेतलेलं. तिलाच लागलं.

आता पुण्याचा तो मित्र माझ्या पत्रांचं पुस्तक करतोय. चित्रकाराचा पत्रव्यवहार. त्याला लिहिलेली पत्रं, सोबतच्या रंगाऱ्यांची पत्रं, काजळीचे अंगठे, सगळं गोळा केलंय. कोपरा फाटलेलं कार्ड बघून तो म्हणाला, "हे फार सुंदर आहे. तेवढा कोपरा नव्यानं काढून देतोस का? पानावर बरं दिसेल." तो वाईट माणूस नाही. त्याच्या हातात नेहमी अख्खीच कार्डं पडली.

मी त्याला सांगितलं, ते कार्ड पहिल्या पानावर येईल, फाटलेलं, जसं आहे तसं. नाहीतर पुस्तक निघणार नाही. कोपऱ्यातलं माझं तोंड मी पुन्हा काढणार नाही. ते अण्णांच्या दातांत गेलं. तिथंच राहू दे.