बैलांशेजारची मोकळी जागा

हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर वडील विश्रांतीसाठी आईसह सोनईहून माझ्याकडे राहात्याला आले. ते येण्याआधी मी जुन्या युरोपियन छापचित्रांचं पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. मी शाळेत चित्रकला शिकवते, फावल्या वेळात लाकडी ठसे कोरते. त्या पुस्तकात पानोपानी मृत्यू होता. हाडांचा सांगाडा होऊन तो राजाला, व्यापाऱ्याला, तान्ह्या लेकरालाही न्यायला येतो. नुकत्याच मरणातून वाचलेल्या माणसाच्या नजरेला ते पडायला नको होतं.

एका दुपारी शाळेतून आले, तर पुस्तक वडिलांच्या मांडीवर. आईनं साफसफाईत खाली काढलेलं. सांगाडे पाहून ती धास्तावली होती, पण वडील एकाच पानावर थांबले होते. म्हातारा शेतकरी नांगर धरून चाललाय आणि सांगाडा घोड्यांशेजारी पळत त्यांना हाकतोय.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

लपवण्यात अर्थ नव्हता. "मृत्यू," मी म्हणाले.

त्यांनी मागची पानं पुन्हा चाळली. "बाकीच्यांना वढून नेतोय. हितं मातर औत हाकू लागलाय."

मग मी त्यांना मागचं चर्च आणि त्यापलीकडचा मावळता सूर्य दाखवला. मावळती म्हणजे दिवसाचं काम सरलं, आणि तो उजेड म्हणजे देवाघरचा विसावा, असं ते लोक मानत, हे सांगितलं. आईनं चष्मा लावून सूर्य पाहिला. मग तिला ते चित्र जरा सोसलं.

वडिलांनी तसंच चित्र मागितलं, त्यांचं आणि कधीच विकून टाकलेल्या बैलजोडीचं. मी कोरत असताना ते शेजारी बसून बैलांच्या खोड्या सांगत. बैल झाले, नांगर झाला, चर्चच्या जागी गावच्या देवळाचं शिखर आलं. सांगाडा मात्र माझ्या हातून कोरला जाईना. त्याची जागा मी मोकळीच ठेवली.

शाई लावून पहिला कागद उचलला, तेव्हा वडिलांनी तिथंच बोट ठेवलं. "त्यो कुठाय?"

"मला नाही जमलं, दादा."

त्यांनी माझा शाईनं माखलेला हात हातात घेतला. "ऱ्हाऊ दे. अजून मीच हाकतो."

आता ते चित्र सोनईच्या घरी पुढच्या खोलीत आहे. आल्यागेल्याला वडील आधी बैलांची ओळख करून देतात. डाव्या बैलाचं कौतुक सांगता सांगता चहा निवतो, आणि आई आतून हाक मारून आठवण करून देते.