थांबाकाकांची टोपी

स्टेशनाची इमारत शंभरी ओलांडून गेली आहे. जाड दगडी भिंती, फलाटावर लोखंडी खांब, छपराच्या कडेला कोरीव लाकडी झालर. दारापाशी वारशाची पाटी लागल्यापासून लोक त्या झालरीचे फोटो काढायला येतात. गाड्याही थांबतात, माणसंही चढतात-उतरतात. याच फलाटावर थांबाकाकांनी पोर्टरची अख्खी नोकरी काढली. झाडलोट, घंटा, सामानाची ने-आण, फाटकावर तिकिटं गोळा करणं, सगळं त्यांच्याकडे.

गाव वर टेकाडावर आणि स्टेशन खाली. मधला रस्ता सरळ उताराचा, त्यामुळे फाटकात उभं राहिलं की येणारं प्रत्येक माणूस दिसायचं. सकाळच्या गाडीची शिट्टी ऐकू आल्याशिवाय गावात कुणी घराबाहेर पडत नसे, कारण काका फाटकात असायचे. गार्ड हिरवा झेंडा काढण्याआधी त्यांच्याकडे बघायचा. टोपी डोक्यावर असली तर गाडी मोकळी. टोपी हातात असली तर कुणीतरी येतंय. कुठल्याही नियमात हे नव्हतं. स्टेशनमास्तर कानाडोळा करायचे आणि वाया गेलेला वेळ ड्रायव्हर पुढे भरून काढायचा.

“थांबा, थांबा, आलोच!” असं ओरडत माणसं उतारावरून धावत सुटायची. टोपणनाव त्यातूनच पडलं. काका फाटकातून सुनवायचे, “पळा की जरा! टोपी धरून हात भरून आला माझा!”

“गावासाठी गाडी थांबवता,” बायको म्हणायची, “आणि जेवायला वेळेवर यायला होत नाही.”

त्यांना एकच मुलगी. शहरातल्या इस्पितळात नर्सिंगला तिचा नंबर लागला. ठरलेल्या दिवशी दुपारच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. वयाच्या अटीत बसणारं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. बस वळसा घालून जायची, म्हणून वेळेत पोचवणारी सकाळची गाडी तेवढी एकच.

त्या दिवशी सगळे चढले होते. उताराच्या वरच्या टोकाला मुलगी दिसली आणि काकांनी सवयीनं टोपी काढली. तेवढ्यात डब्याच्या खिडकीतून वाणीणबाई म्हणाल्या, “आज काय बाई, घरचीच गाडी! लेकीची वेणीफणी होईपर्यंत हलायची नाही.”

“तोवर चहा मागवा!” आतून कुणीतरी भर घातली. डबा हसला.

काकांनी पुन्हा वर बघितलं. मुलगी पळत नव्हती. बॅग घेऊन चालत येत होती, गाडी आपल्याला टाकून जाणार नाही हे माहीत असलेल्या माणसासारखी. दुसऱ्यांची मुलं निदान धावतात, हे त्यांच्या मनात आलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

“वाटलं, टोपी बघून ती पळेल,” ते आज सांगतात. “पण ती खूण गार्डसाठी होती. तिला तेवढ्या लांबून काय दिसणार?”

गार्ड मुलीला ओळखत होता. त्यानं हातानंच विचारलं, काय करू? काकांनी तोंड फिरवलं. गाडी हलली. मुलगी फाटकाशी आली तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता.

“बाबा, तुम्ही होतात ना इथे?” ती म्हणाली.

“वेळेवर निघायला काय झालं होतं?” काका म्हणाले. 

ती बसनं गेली. पोचली तेव्हा जागा दुसरीला दिलेली होती.

संध्याकाळच्या गाडीनं गार्ड परत आला. “अरे, नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस तरी थांबलो असतो.”

“लोक हसत होते.”

“लोक पुढच्या स्टेशनावर उतरून गेले,” गार्ड म्हणाला.

त्यानंतरही काका निवृत्त होईपर्यंत टोपी काढत राहिले. वाणीणबाईंसाठीही काढली. मुलगी गावातल्या डॉक्टरांकडे केसपेपर काढायच्या कामाला लागली, पुढे गावातच लग्न झालं. आता गाडीची दारं आपोआप लागतात आणि गाव वेळेवर घराबाहेर पडतं. त्या सकाळबद्दल मुलगी एका शब्दानंही बोललेली नाही. आईनं एकदा विषय काढला तर म्हणाली, “जाऊ दे गं, जुनं झालं.”

नणंदेकडे शहरात तिची ये-जा असते, पण कधीही बसनंच. मागच्या महिन्यात काकांनी धीर करून म्हटलं, “गाडीनं जा की. निम्म्या वेळात पोचशील.”

“बस बरी पडते, बाबा. हात केला की थांबते.”

काकांनी तिची बॅग उचलली आणि तिच्याआधी जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले.