ओल्या पळसाचा धूर

माझ्या धाकट्या भावाला मी माझ्या हातानं अग्नी दिला, दहावा घातला, गावाला जेवण दिलं, आणि त्यानंतर चौथ्या का पाचव्या उन्हाळ्यात तो येरमाळ्याहून एसटीनं घरी आला. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस आहे. मला सजवून लिहिता येत नाही. झालं ते असं झालं.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मातीतलं. हा एकटाच वाजंत्र्यांच्या मागं फिरणारा निघाला. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. लग्नसराईत घरी नसायचा, आणि सराई संपली की पिऊन यायचा. मी त्याला लई बोलायचो. म्हणायचो, "आपल्या कुळात दुसऱ्याच्या वरातीपुढं कुणी चाललं न्हाई." तो म्हणायचा, "दादा, तू बैलाच्या मागं चालतुस, म्या नवरदेवाच्या पुढं. हुद्दा कुणाचा मोठा, तूच सांग." अशा माणसाला मारावं का हसावं कळत नाही. मी दोन्ही करून पाहिलं.

एका चैतात तो येरमाळ्याच्या यात्रेत वाजवायला गेला. बँड परत आला, हा आला नाही. घरात बायको आणि अंगावर पिणारं पोर.

ही त्याची बायको म्हणजे माझी भावजय. आमच्याकडं नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. भावजयीनं भासऱ्यापुढं पदर खाली घ्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचं झालं तर मधे तिसरं माणूस घ्यायचं, तिसरं नसलं तर भिंतीला सांगायचं. मी दोन हातांवर बसलेला असलो तरी ती माझ्या बायकोला म्हणायची, "जाऊबाई, थोरल्यांना सांगा, कडबा संपत आलाय." मग मीही माझ्या बायकोलाच म्हणायचो, "धाकटीला सांग, उद्या आणतो." माझी बायको वैतागायची. "मला काय पोस्टमन केलंय का तुमी दोघांनी?" म्हणायची. पण रीत ती रीत. एका चुलीवरचं खाऊन इतकी वर्षं गेली, तिचा चेहरा मी नीट पाहिलेला नव्हता.

बार्शी, सोलापूर, पुणं, जिथं जिथं बँडवाले राहतात तिथं मी त्याला शोधलं. देवीला नवस केला. माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याचं सगळं करून टाकायचं, असं आमच्यात आहे. मी बाराच्या वर वाट पाहिली. पण भाऊबंद म्हणायला लागले, त्याचा आत्मा लटकत ठेवलाय तुम्ही, पोराला पितर लागतील. शेवटी भटजींना विचारून करायचं ठरवलं.

देह नसला की पळसाच्या पानांचा माणूस करतात. नारळाचं डोकं, पानांचं अंग, वर त्याचाच सदरा. पानं मीच डोंगरावरून आणली. भटजींनी बांधलेला पुतळा मला बुटका वाटला. म्हणलं, माझा भाऊ लांबट आहे, एवढ्यानं भागायचं नाही. ते म्हणाले, चालतं. मी म्हणलो, मला चालत नाही. परत जाऊन भारा तोडून आणला आणि त्याच्या उंचीचा करून घेतला. ती नंतरची पानं ओली होती. पेटेनात. सगळा धूर झाला, माणसं डोळे पुसत बसली आणि कोण रडतंय कळेना. पुतण्यानं डोकं भादरलं. इकडं बायकांनी भावजयीचं कुंकू पुसलं. ती रडली नाही. माझ्या बायकोला एवढंच म्हणाली, "जाऊबाई, पानं हिरवी हुती अजून."

मी जे केलं ते रीतीनं केलं. आजही त्यात मला खोट दिसत नाही.

तो आला त्या दिवशी उन्हं कलली होती. मी गोठ्यात पेंड कालवत होतो. मागून आवाज आला, "दादा, मी हाय."

आवाज तोच होता, दम तो नव्हता. मी वळलो नाही.

"मी म्हंजी कोण?"

"आता नाव सांगाया लावतुस व्हय?"

"तू ज्याचं नाव सांगणार हायेस, त्याला म्या जाळलंय."

तो म्हणाला, "कशात?"

"पळसाच्या पानांत."

त्याला हसू फुटलं, आणि हसण्यातून खोकला लागला. खाली बसल्याचा आवाज झाला, तरी खोकला थांबेना. थांबला तेव्हा म्हणाला, "तरीच. तरीच हा धूर छातीतनं जाईना. वली पानं लावली असशील तू. तुला जळण कवाच कळलं न्हाई."

मी वळून पाहिलं. माझ्यापेक्षा म्हातारा दिसत होता.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि "अगं बया" म्हणून तिथंच थिजली. तिच्या मागून भावजय आली. मी समोर होतो म्हणून पदर नाकापर्यंत ओढलेला. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, म्हशीनं पेंड खाऊन संपवली एवढं आठवतं. मग म्हणाली, "जाऊबाई, पावण्याला पाणी द्या." आणि आत गेली.

ज्याचा दहावा झाला त्यानं तसाच उंबरा ओलांडला, तर त्या घरातलं दुसरं कुणी जातं, असं आमच्याकडं मानतात. मी मानतो. म्हणून त्याची बाज गोठ्यात टाकली. बार्शीला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा, पण नीट बोलला. म्हणाला, "बाबा, आता घरी न्या, त्यांना सुखानं राहू द्या. पावसाळा निघेल असं वाटत नाही."

घरी न्या. घर कुठं होतं त्याला? शेणामुताच्या वासात तो खोकत पडायचा. कुठं होतास एवढी वर्षं, विचारलं तर म्हणायचा, "पोटामागं." सुरतेच्या बाजूला हॉटेलात भांडी घासली, ट्रकवर राहिला, एका बाईबरोबरही राहिला, ती मेली. क्लॅरनेट कुठं आहे, विचारलं तर म्हणाला, "इकलं. फुकायला दम लागतो, दादा."

माझ्या जिवाला एकच घोर लागला. माझा भाऊ गोठ्यात मरू द्यायचा का?

पुतण्या ढोकीकडं उसाचा ट्रॅक्टर चालवतो. तो आला, बापाला लांबून पाहिलं आणि मला म्हणाला, "काका, म्या एकदा डोकं भादरलंय. आता परत मला बोलवू नगा." गेला.

मी भटजींकडं गेलो. ते म्हणाले, तोड आहे. मेलेला माणूस परत आला तर त्यानं परत जन्म घ्यायचा. तुपाचा हात लावून आंघोळ, मग बारसं, मग त्याच बायकोशी परत लग्न. बायकोनं हाताला धरून उंबऱ्याच्या आत न्यायचं. मला वाट दिसली. मी हट्टाला पेटलो.

गुळाची जुनी काहील अंगणात मांडून त्यात त्याला बसवलं, तूप चोळलं, ऊन पाण्यानं आंघोळ घातली. बरगड्या मोजाव्यात असं अंग. गल्लीतल्या बायका जमल्या. बारशाला आत्या लागते, आम्हाला बहीण नाही, म्हणून माझ्या बायकोनं त्याच्या कानात कुर्र केलं. एक म्हातारी म्हणाली, "लेकरू लईच केसाळ निपजलं की गं." दुसरी म्हणाली, "दात घिऊन आलंय, मामाला जड." भाऊही हसला, खोकला, परत हसला. नाव तेच ठेवलं. भावजय चुलीपुढून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर बसून बायकोला म्हणालो, "धाकटीला सांग, उद्या मुहूर्त हाय. गाठ बांधून घ्यायची."

आतून काटवटीचा आवाज तेवढा आला. मी परत म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझा आवाज चढला होता. मग मी काय केलं ते सांगतो. मी उठलो, स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि भिंतीला नाही, बायकोला नाही, थेट तिला बोललो. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"धाकटे, त्यो मरायला लागलाय. गोठ्यात मरंल. माझ्यासाठी एवढं कर."

ती उभी राहिली. पदर डोक्यावरून खाली घेतला, खांद्यावर टाकला आणि माझ्याकडं बघितलं. केस सगळे पांढरे. कपाळ मोकळं. माझीच मान खाली गेली.

"थोरले," ती म्हणाली, "कुंकू पुसलं तवा मला इचारलं हुतं का? म्या सांगितलं हुतं, पानं हिरवी हायेत. कुणी ऐकलं?"

"रीतीनं केलं म्या."

"रीतीनंच बोलते म्या बी. काल बारसं केलं न्हवं त्याचं?"

"केलं."

"मग त्ये आता तान्हं लेकरू झालं. तान्ह्या लेकराशी माझ्यासारखीचं लगीन लावता व्हय? कंच्या पोथीत हाय सांगा."

माझी बायको पदर तोंडात धरून उभी होती. हसत होती का रडत होती, तिचं तिला माहीत. आमच्या पंचक्रोशीत बोलण्यात माझा हात कुणी धरत नाही, आणि मी चौकटीचं लाकूड नखानं खरवडत उभा होतो.

"त्यो आत कसा येणार मग?" मी म्हणालो. हा माझाच आवाज का, असं मला वाटलं. हात जोडायचे तेवढे बाकी राहिले होते.

"तान्हं लेकरू पायानं येतं का घरात? आईच्या कडंवर येतं. आई न्हाई तर थोरल्या भावानं उचलावं. म्या काय आडवी पडले न्हाई." एवढं बोलून ती चुलीकडं वळली. काटवटीत पीठ होतं, ते थापायला लागली.

मी गोठ्यात गेलो. त्यानं सगळं ऐकलं होतं. बाजेवर उठून बसला होता, पायात चपला घातलेल्या.

"दादा, मला येरमाळ्याला सोड. यष्टी बघतो."

"कुठं जाशील?"

"जिथं मेलेला न्हाई तिथं."

आणि तो उठला. चार पावलांवर लिंबाच्या बुंध्याला टेकला आणि तिथंच घसरून बसला. मी त्याच्या काखेत एक हात आणि गुडघ्याखाली दुसरा घातला. माझं वय काय, गुडघे काय, मला वाटलं आम्ही दोघंही पडू. पण तो उचलला गेला. सहज उचलला गेला. मी बांधून घेतलेला पळसाचा माणूस याच्यापेक्षा जड होता.

"दादा, लोक बघत्यात," तो म्हणाला.

"बघू दे. तान्हा हायेस तू, गप पड."

उंबऱ्यात भावजयीनं पाय बाजूला घेतला आणि वाट दिली. हात लावला नाही. भटजींना हे मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आता त्याची बाज माजघरात आहे. आषाढ लागलाय. त्याला भाकर गिळत नाही, दुधात कुस्करून द्यावी लागते. कुस्करून भावजयच देते, पण वाटी माझ्या हातात देते. खोकल्याची उबळ आली की मी त्याच्या पाठीवर हात फिरवतो, आणि त्या हाताखाली रोज थोडं थोडं कमी लागतं. उद्या हा गेला तर एका माणसाला दोनदा अग्नी कसा द्यायचा, द्यायचा तर कुणी द्यायचा, मला कळत नाही. विचारू कुणाला? पुतण्या फोन उचलत नाही.

भावजयीनं त्या दिवसापासून माझ्यापुढं पदर घेणं सोडलंय. थेट बोलते. मला अजून सवय होत नाही, मी जमिनीकडं बघून ऐकतो. आज दुपारी ती चुलीपुढून म्हणाली, "थोरले, उठवा त्याला, दूध निवतंय." त्याला. गेले कित्येक दिवस ती असंच म्हणते, पोराला म्हणावं तसं. आमच्यात बाई नवऱ्याला 'त्येंला' म्हणते. गोठ्यात आलेल्या पहिल्या दिवसापासून हा त्या एका शब्दासाठी कान लावून आहे. तोंडानं कबूल करणार नाही, पण मी थोरला भाऊ आहे, मला कळतं.

मी वाटी घेऊन गेलो. तो अर्धवट झोपेत भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"काय म्हणली ती?"

"दूध पी म्हणली."

"तसं न्हाई." तो माझ्याकडं वळला. "तिचा शब्द सांग."

मी आयुष्यात देवाला भ्यालो नाही, पण त्याच्या डोळ्यांना भ्यालो.

"म्हणली, 'त्येंला उठवा.'"

मधे दार नाही, नुसती भिंत, तीही अर्धी. चुलीपुढची बांगडी वाजायची थांबली. कुंकू पुसलं तेव्हा काचेच्या बांगड्या फोडल्या, तेव्हापासून ती कथलाची एकच घालते. मी वाट पाहिली. ती आता म्हणेल, थोरले, असं कवा म्हणले म्या? ती थेट बोलणारी बाई झाली आहे, तिला कुणाची भीड नाही.

ती काही बोलली नाही. तो उठून बसला आणि दोन घोट प्याला. तिसरा छातीवर सांडला.