जावईबापूंनी बसवलेलं नेट

बी.एड.च्या प्रवेशाची शेवटची फेरी होती. कॉलेजांची पसंती भरून संध्याकाळी पाचच्या आत लॉक करायची, आणि आमच्या बहादरपुरच्या घरात ती साइटच उघडेना. लॉगिनचं पान यायच्या आधीच पांढरा पडदा, त्यावर लिहिलेलं: सर्व्हरचा पत्ता सापडत नाही. यूट्यूब मात्र धो धो चालू. आई म्हणाली, "पासवर्ड चुकत असशील." अगं माय, पासवर्ड टाकायला आधी पान तर यायला पाहिजे!

कारण मला कळलं होतं. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा एक सर्व्हर असतो, त्याचा नंबर राउटरमध्ये भरलेला असतो. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, दिवाळीत नेट जोरात पळावं म्हणून तो बदलून दुसराच कुठलातरी टाकला होता. त्या सर्व्हरला आता नेमकी हीच साइट सापडत नव्हती. टाकलेला नंबर पुसायचा, मूळचा आपोआप परत येतो, बस. मी राउटरचं सेटिंग उघडलंसुद्धा होतं.

"हात नको लावू," बाबा म्हणाले. "जावईबापूंनी बसवलंय ते. त्यांना वाटेल, यांना आपलं काम पसंत नाही. आज येऊनच राहिले ना ते नेपानगरहून, तेच करतील." आणि लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला. माझ्या फोनचा रिचार्ज त्यांनी केव्हाच बंद केला होता, घरात वायफाय असताना कशाला म्हणून. बुऱ्हाणपुरात जाऊन ऑनलाइनच्या दुकानातून भरते म्हटलं, तर आई उखडली, "जावई घरी येतोय अन् तू कुठं निघाली? बट्ट्या कोण तळेल?"

तळल्या बट्ट्या. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकललं. भाऊजी आले, जेवले, वरणबट्टीची तारीफ केली आणि कूलरसमोर घोरत पडले. उठव ना त्यांना, असं मी आईला म्हटलं, तर तिने डोळे वटारले. जावयाला झोपेतून उठवतात का कोणी?

चहा पिऊन ते लॅपटॉपसमोर बसले तेव्हा पाच वाजून गेले होते. मी पुसणार होते तोच नंबर त्यांनी पुसला. लॉगिन झालं. वर माझं नाव, खाली एक ओळ: पसंती भरण्याची मुदत संपली आहे.

"बघ, उघडलं की नाही!" बाबा खूश. भाऊजींचं तोंड गोड करायला वाटीत दराबा आणायला मलाच सांगितलं. वाटी आपटावी असं वाटलं, पण नीट नेऊन ठेवली. त्याचा राग मला अजून येतो.

पुढच्या वर्षी भरू म्हणाले. पुढच्या वर्षी माझं लग्न लावलं.

आता त्या घरचे धाकटे जावईबापू म्हणजे माझा नवरा. नेट बिघडलं की बाबा त्याला फोन लावतात. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. फोनवर हात ठेवून तो मला विचारतो, मी पोळ्या लाटता लाटता सांगते, तो तेच तिकडे सांगतो. मग स्पीकरवर बाबांचा आवाज येतो, "वा जावईबापू! तुम्ही आहात म्हणून बरं. आमच्या घरात कोणालाच यातलं काही समजत नाही."