सानेन आणि फुलंब्रीचं ऊन

किस्से शेळीच्या लेंड्यांसारखे साचतात. रोज झाडून काढा, सकाळी गोठ्यात पुन्हा तितकेच! आम्हा तिघांचे तर सगळे किस्से एकाच शेळीचे. मी निवृत्त प्राध्यापक, हमीदभाई गुलमंडीतले कापडवाले आणि भीमराव फुलंब्रीचे, घरात पिढ्यानपिढ्या शेळ्यामेंढ्या. भीमरावांच्या गोठ्यात आम्ही भागीदारीत एक सानेन आणली. मूळची स्वित्झर्लंडची, दुधाला नावाजलेली जात. आपल्या उन्हात ती तगेल का, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती. पण माझ्या धास्तीवर माझाच फारसा विश्वास नसतो.

*

पांढरीशुभ्र, कान उभे, नाक गुलाबी. आमच्याकडच्या शेळ्या काळ्या, लोंबत्या कानांच्या. शेजारच्या कौसाबाई काठी टेकत बघायला आल्या.

"सर, तरणी म्हणून आणली व्हय? हिचे तर समदे केस पिकलेत!"

या जातीचा रंगच असा असतो, हे मी सविस्तर समजावलं. त्या शांतपणे ऐकत माझ्या डोक्याकडं बघत होत्या.

"मंग तुमचा बी रंगच तसा व्हय?"

*

पहिल्यांदा धार काढायला भीमरावांच्या बायको गजराबाई बसल्या. तांब्या भरला, मग पातेलं मागवलं. "थांबंनाच की बाई ही!"

सानेन दूध भरपूर देते, पण पातळ. हमीदभाईंनी कौतुकानं त्याचा चहा करून दुकानात गिऱ्हाइकाला पाजला. त्यानं एक घोट घेऊन कपात पाहिलं. "हमीदभाई, कपडे का कलर जाता मालूम था. तुम्हारे यहाँ चाय का भी जाता क्या?"

*

होळी झाली आणि तिचे कान भाजले. गुलाबी कातडीला ऊन सोसत नाही. मी पुस्तकं चाळली, मग खोबरेल तेल लावलं. दुपारी पाहतो तर भीमरावांच्या काळ्या शेळ्यांनी दोन्ही कान चाटून लख्ख केलेले!

मग हमीदभाईंनी मलमलची टोपडं जोडलेली झूल शिवून आणली. ती घालून सानेन उभी राहिली, तर गजराबाईंनी बोटं मोडली. "नवरीच जणू! आता नवरदेव बी असाच गोरा बघा भाईजान."

"पहले ये गर्मी तो निकालने दो भाभी," हमीदभाई म्हणाले.



*

तिला धाप लागली की मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायचो. तरुण माणूस, सोशिक. एकदा मात्र म्हणाला, "सर, फोनवर ही धाप ऐकू येतेय ती तिची का तुमची?"

मी ओशाळून फोन ठेवला. संध्याकाळी तो स्वतःच आला. तिला तपासून बराच वेळ हात धूत राहिला. "हिनं उन्हाळा काढावा असं वाटत असेल, तर हिला इथं ठेवू नका."

*

वैशाखात ती चाऱ्याला तोंड लावेना. महाबळेश्वरकडचा एक गोठेवाला तिला घ्यायला तयार झाला. तो टेंपो घेऊन आला त्या दिवशी आम्ही तिघंही सकाळपासून गोठ्यात होतो. ती जगावी असं वाटत होतं. जाऊ नये असंही वाटत होतं.

आमच्याकडं जनावर देतात, त्याचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. या माणसाला ते ठाऊकच नव्हतं. रिकाम्या हातानं आला!

भीमरावांचा चेहरा एकदम उजळला. "मंग नाय जमायचं पाव्हणं. दाव्याबिगर शेळी परक्याच्या गाडीत चढती व्हय? वरडून गाव गोळा करंल की!"

"हौ, अब बकरी की मर्जी," हमीदभाई घाईनं म्हणाले. मीही मान डोलावली, जरा जास्तच जोरात.

भीमरावांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि गोठ्याकडं हात केला. "जा बाय, घरात जा."

सानेन क्षणभर उभी राहिली. मग टेंपोला लावलेल्या फळीवरून सावकाश चालत आपण होऊन टेंपोत चढली. आत सावली होती. तिथं बसून तिनं डोळे मिटले.

भीमराव दावं हातात धरून फळीपाशी गेले.

"आगं, येकदा वरडायचं तरी की गं!"